जमिनीलगतची गाडी : एका उलट्या हौसेचा इतिहास

फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप ट्रक ही उंच असण्यासाठीच जन्माला आलेली गाडी आहे. चिखल, खाचखळगे, नदीचे पात्र, बर्फ यांतून पोटाला काही न लागता पार जाता यावे, एवढ्यासाठी तिची चासी चाकांच्या बरीच वर ठेवलेली असते. अशी गाडी पैसे मोजून घ्यायची आणि मग आणखी पैसे मोजून तिची उंची चार-पाच इंचांनी उतरवायची, हा प्रकार प्रथमदर्शनी उंट विकत घेऊन त्याचे पाय आखूड करण्यासारखा वाटतो. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, तो गेली कित्येक वर्षे चालू आहे. हौसेला मोल नाही असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. पण या हौसेचे मोल खरोखरच मोजले गेले आहे. ते दंडाच्या पावत्यांत, पोलिसांच्या नाकेबंदीत आणि कायद्याच्या कलमांत नोंदलेले आहे. म्हणून मला ती इतिहासाचा विषय वाटते.

आधी उंचीकडे पाहू. चारही चाकांना इंजिनाची ताकद द्यायची, तर पुढच्या चाकांसाठी आणखी एक डिफरन्शियल लागते, त्याच्याकडे जाणारा वेगळा दांडा लागतो आणि ताकदीची वाटणी करणारा ट्रान्सफर केस गाडीच्या पोटाखाली बसवावा लागतो. हे सगळे सामान दगडधोंड्यांपासून वाचवायचे, तर गाडी वर उचलण्याला पर्याय नसतो. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी लाखोंच्या संख्येने बनवलेल्या जीपने हा आकार जगाच्या डोळ्यांत बसवला. युद्ध संपल्यावर 1946मध्ये डॉज कंपनीने लष्करी ट्रकवर बेतलेला ‘पॉवर वॅगन’ हा पिकअप नागरी बाजारात आणला. पुढच्याच वर्षी मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. आपल्याकडे ‘जीप’ हा शब्द पुढे कितीतरी वर्षे मामलेदार, फौजदार आणि आमदार यांच्याशी जोडलेला राहिला. उंच गाडीत बसलेला माणूस इतरांकडे वरून पाहतो, ही गोष्ट सर्वच देशांत समजते.

त्याच 1940च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात नेमका उलटा प्रवास सुरू झाला होता. तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या हाती नव्या गाड्या येत नसत. जुनी शेव्हरोलेट घ्यायची, घासूनपुसून रंगवायची आणि मागच्या डिकीत वाळूची पोती टाकून ती खाली बसवायची, ही त्यांची रीत. पुढे पोत्यांची जागा कापलेल्या स्प्रिंगांनी घेतली. या तरुणांच्या ढगळ ‘झूट सूट’ पोशाखावरून जून 1943मध्ये शहरात दंगली झाल्या. सुटीवरच्या नौसैनिकांनी रस्त्यात गाठून त्यांना मारले, अंगावरचे कपडे फाडले. कपड्यांवरून ज्यांना मार खावा लागला, त्यांनीच गाड्यांनाही वेगळे रूप दिले, हा मला योगायोग वाटत नाही. त्या काळचे गोरे हौशी तरुणही गाड्या खाली आणत. पण त्यातल्या अनेकांचा डोळा शर्यतीवर, वेगावर असे. पूर्व लॉस एंजेलिसच्या पोरांना मात्र सावकाश जायचे होते. ‘बाहितो इ सुआवेसितो’, म्हणजे खालून आणि हळुवार, हे त्यांचे ब्रीद. रविवारी संध्याकाळी व्हिटियर बुलेव्हार्डवर रांगेने, पायी चालणाऱ्याच्या गतीने गाडी न्यायची. लोकांनी आपल्याला पाहावे आणि आपण लोकांना, एवढाच हेतू. आपल्या जत्रेतल्या सजवलेल्या बैलजोड्या आठवाव्यात.

राज्याच्या कायद्याला हे खपले नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतले कलम 24008 जानेवारी 1958पासून लागू झाले. सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचा चाकांव्यतिरिक्त कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये, असा त्याचा आशय. कागदावर हा सुरक्षेचा नियम होता आणि त्याला आधारही होता. टायर फुटून रिम रस्त्याला टेकली, तर त्याहून खाली लोंबणारा भाग रस्त्यावर घासेल आणि चालकाचा ताबा सुटेल. पण व्यवहारात हे कलम पोलिसाच्या हातातली मोजपट्टी ठरले. कोणती गाडी थांबवायची आणि कोणाच्या गाडीखाली वाकून पाहायचे, हे तोच ठरवणार.

त्यावरची तोड पुढच्याच वर्षी निघाली. 1959मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुण कारागिराने आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानांसाठी बनवलेले हायड्रॉलिक पंप आणि झडपा बसवल्या. बटण दाबले की तेलाच्या दाबाने गाडी वर. पुन्हा दाबले की खाली. पोलीस दिसला की कायदेशीर उंची, तो नजरेआड झाला की आवडती उंची. लोरायडर गाड्यांची उड्या मारणारी, तीन चाकांवर उभी राहणारी जी करामत आज जगभर ओळखली जाते, तिचे मूळ या पळवाटेत आहे. त्या सुमारास आलेली शेव्हरोलेट इम्पाला आपल्या एक्स-आकाराच्या चासीमुळे या कामाला फार सोयीची निघाली.

संघर्ष मात्र संपला नाही. व्हिटियर बुलेव्हार्ड हा केवळ फेरफटक्याचा रस्ता नव्हता. 29 ऑगस्ट 1970 रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा चिकानो मोर्चा याच भागात निघाला, आणि त्या दिवशी पत्रकार रुबेन सालाझार याच रस्त्यावरच्या एका कॅफेत शेरीफच्या माणसाने डागलेल्या अश्रुधुराच्या नळकांडीने ठार झाले. 1979मध्ये हा रस्ता फेरफटक्यासाठी बंद करण्यात आला. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने 1992मध्ये अशा फेरफटक्यावरच बंदी घालणारा ठराव केला. मधल्या काळात, 1977मध्ये, सॅन होजे इथल्या काही तरुणांनी ‘लोरायडर’ हे मासिक काढले. रस्ता हातातून जाऊ लागला तेव्हा या लोकांनी कागद हाती घेतला, असे म्हणता येईल.

या कथेत पिकअप ट्रक येतो तो कोंबड्यांच्या वाटेने. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला, त्याला उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर 1963मध्ये आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के कर लावला. रोख जर्मन गाड्यांवर होता. पण तो सर्वच देशांच्या ट्रकना लागू झाला. जपानी पिकअप तरीही आले. मागचा हौदा न बसवता नुसती केबिन आणि चासी आणली, की 1980पर्यंत फक्त 4 टक्के कर पडे. हौदा बंदरावर उतरल्यावर जोडायचा. डॅटसन, टोयोटा, माझदा यांचे हे छोटे ट्रक स्वस्त, टिकाऊ आणि साध्या बांधणीचे होते. बॉडी वेगळी आणि शिडीसारखी चासी वेगळी, त्यामुळे घरामागच्या शेडमध्येही त्यांवर काम करता येई. 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात ‘मिनी-ट्रक’वाल्यांची एक पिढी उभी राहिली. त्यांत मेक्सिकन होते, आशियाई होते, गोरेही होते. खाली आणलेला ट्रक आता एका वस्तीपुरता राहिला नाही.

दोन चाकांना ताकद असलेला पिकअप खाली आणणे तुलनेने सोपे असते. पुढच्या चाकांना फक्त वळायचे आणि भार पेलायचा असतो. स्प्रिंग आखूड करता येते, किंवा चाकाचा अक्ष ज्यावर असतो तो स्पिंडल वेगळ्या घडणीचा बसवला की भागते. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये त्याच जागेतून चाक फिरवणारा दांडा जातो. गाडी खाली गेली की डिफरन्शियल चाकाच्या मानाने खाली येते आणि तो दांडा तिरपा होतो. ठरावीक मर्यादेपर्यंत त्याचे सांधे हे सहन करतात. पुढे त्यांवरची रबरी आवरणे फाटतात, वंगण निघून जाते, सांधा झिजतो.

गंमत अशी, की याच गाड्यांत खाली आणण्याची एक सोयही कंपनीनेच ठेवलेली असते. टोयोटाने 1986च्या मॉडेलपासून आणि शेव्हरोलेटने 1988पासूनच्या मोठ्या पिकअपमध्ये पुढे टॉर्शन बार वापरला. हा चासीला समांतर बसवलेला पोलादी दांडा पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करतो. त्याच्या मागच्या टोकाला पीळ कमी-जास्त करणारा बोल्ट असतो. तो सैल केला की ट्रकचे नाक खाली येते. एक पाना पुरतो. पण खाली येताना रबरी ठोकळ्यापर्यंतचे अंतर संपत जाते आणि खड्डा आला की चासीला थेट दणका बसतो. चाकांची जुळवणी पुन्हा केली नाही, तर टायर एका कडेने झिजतात. मागे कमानपाटे अॅक्सलच्या वर असतील, तर ते खाली घेऊन अॅक्सल वर चढवला जातो, म्हणजे एका झटक्यात पाच-सहा इंच उतरतात. मग अॅक्सल चासीला आपटू नये म्हणून चासीला कमानीच्या आकाराची खाच पाडून ती पुन्हा मजबूत करावी लागते.

एवढे करून हाती काय येते? गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर गाडी कमी कलते, आणि ओल्या रस्त्यावर चारही चाके पकड धरतात. म्हणजे डोंगरासाठी केलेली योजना डांबरी रस्त्यावर उपयोगी पडते. याचा दाखला 1991मध्ये जीएमसी कंपनीनेच दिला. ‘सायक्लोन’ नावाचा चारही चाकांना सतत ताकद देणारा छोटा पिकअप तिने टर्बोचार्जर लावून, उंची कमी करून विकायला काढला. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या चाचणीत त्याने पाव मैलाच्या धावेत फेरारीला मागे टाकले. त्याच्या हौद्यात मात्र फक्त 500 पौंड, म्हणजे सव्वादोन क्विंटलच भार टाकायची परवानगी होती, आणि आडरानात नेऊ नका अशी सूचना गाडीतच चिकटवलेली होती. फोर-व्हील-ड्राइव्ह, पण आडरानात न नेण्याचा. ट्रक, पण ओझ्यासाठी नसलेला. असे जेमतेम तीन हजार ट्रक बनले.

आपल्याकडच्या एका रिवाजाशी मला याची तुलना करावीशी वाटते. आपले पिकअपवाले कमानपाट्यांत जादा पाटे घालतात, म्हणजे गाडी न बसता अधिक ओझे उचलते. तिथे ओझ्याचा विचार सोडून देण्यासाठी जे केले जाते, त्याच्या अगदी उलट इथे पोटासाठी केले जाते. पण कायद्यापुढे दोघांची गत सारखीच. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांना छेद देणारा बदल मान्य करत नाही, आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितले. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. उंची बदललेल्या गाडीचे ब्रेक, दिवे, वळण सगळेच बदलते. प्रश्न असतो तो मोजपट्टी कोणाच्या गाडीखाली घातली जाते याचा.

उंची चढवणारेही याच काळात होते. 1974च्या फोर्ड पिकअपवरून घडलेला ‘बिगफूट’ 1981मध्ये दोन मोटारी चिरडून गेला, आणि राक्षसी ट्रकांचे खेळ स्टेडियममध्ये गर्दी खेचू लागले. उंच ट्रकचे बळ सर्वांना दिसते. खाली आणलेला ट्रक मात्र बळाचा वापर जाणूनबुजून सोडून देतो. मला या हौसेचे मर्म इथे सापडते. ज्या माणसाची गाडी आयुष्यभर राबण्यासाठीच असावी असे गृहीत धरले जाते, तो तिला राबण्यापासून मोकळे करतो आणि मग ती घेऊन सर्वांदेखत सावकाश जातो. कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि बागांत ज्यांच्या बापांनी ट्रकमधून फळांच्या पेट्या वाहिल्या, त्यांच्या मुलांना रिकाम्या, चकचकीत, जमिनीलगतच्या हौद्याचे अप्रूप का वाटले असेल, हे मग कोड्यात टाकत नाही.

कायद्याला हे उमगायला पासष्ट वर्षे लागली. ऑक्टोबर 2023मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी विधेयक 436वर सही केली. 1 जानेवारी 2024पासून उंची कमी केलेल्या गाड्यांवरची राज्यव्यापी बंदी उठली आणि फेरफटक्यावर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकारही गेला. नॅशनल सिटीने आपला ठराव त्याआधीच मागे घेतला होता. आता तिथल्या रस्त्यावर खाली आणलेला ट्रक पोलिसासमोरून जाताना कोणालाही बटण दाबावे लागत नाही. ज्यांनी तरुणपणी दंड भरले, त्यांतले अनेक जण आज आजोबा झाले आहेत. त्या पावत्यांचे पैसे कोणी परत केलेले नाहीत.