पद कोणाच्या तोंडी?

विष्णुदास भाव्यांच्या नाटकात राम गात नसे आणि सीताही गात नसे. गाणे सगळे सूत्रधाराचे. १८४३ साली सांगलीत तिथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’चा खेळ झाला आणि त्यातून एक रीत पडली. सूत्रधार साथीदारांना घेऊन रंगभूमीवरच उभा राही. मंगलाचरण होई, विदूषक नाचत येई, गणपती आशीर्वाद देऊन जाई, मग मोरावर बसून सरस्वती येई. आख्यान सुरू झाले की पुढचा प्रसंग सूत्रधार पदात सांगे, आणि पद संपले की नट त्याच आशयाचे भाषण आपल्या मनाने, आयत्या वेळी करी. लिहिलेली असत ती फक्त पदे. राक्षसांच्या लढाया आरडाओरड्यात चालत. त्यातल्या आरोळीवरूनच लोक पुढे या खेळांना ‘अललडुर्र’ नाटके म्हणू लागले.

त्या नावातली हेटाळणी भाव्यांवर अन्याय करणारी आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते. तसे काही मराठीत करावे ही राजेसाहेबांची इच्छा, आणि हाताशी ना नाटकाची परंपरा, ना छापील संहिता. तरीही भाव्यांनी मंडळी जमवली, शिकवली, आश्रयदाते गेल्यावर ती फिरतीवर नेली आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. कीर्तनाला बसणाऱ्या श्रोत्याला हा बाज परका वाटला नाही. बुवा उभे राहून आख्यान लावतात, मध्येच गातात, मध्येच बोलतात. भाव्यांनी त्याच आख्यानातली पात्रे समोर आणून उभी केली. गाणे मात्र बुवांकडेच, म्हणजे सूत्रधाराकडेच राहिले.

दरम्यान पुण्या-मुंबईत कॉलेजात शेक्सपिअर वाचलेली पिढी तयार झाली. तिला बांधेसूद कथानक हवे होते, लिहिलेले संवाद हवे होते. विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चे. अशा नाटकांना ‘बुकिश’ म्हणत. त्यांत भाषणे पाठ केलेली असत आणि गाणे जवळजवळ नसे. एकीकडे गाणारा सूत्रधार आणि न गाणारी पात्रे, दुसरीकडे बोलणारी पात्रे आणि गाण्याचा पत्ता नाही, असे दोन काठ होते.

ते जोडले बळवंत पांडुरंग, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांनी. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा माणूस पुण्यात सरकारी कचेरीत नोकरीला होता. पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहून आपणही पात्रांच्या तोंडी गाणे घालावे असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. अगदी पहिला प्रयत्न त्यांचा नव्हे. सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी मुंबईत त्यांच्या आधीच ‘नलदमयंती’ संगीतात आणले होते. पण ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले आणि संगीत नाटक हा प्रकार महाराष्ट्रात रुजला तो त्या रात्रीपासून.

‘शाकुंतल’मध्ये दोनशेच्या आसपास पदे आहेत. आजच्या वाचकाला हा आकडा छाती दडपणारा वाटेल. तेव्हाच्या प्रेक्षकाला वाटला नाही, कारण त्यातली बरीच पदे चार-दोन ओळींची होती. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, कटाव, लावणीच्या चाली, शिवाय अण्णासाहेबांनी लहानपणापासून ऐकलेल्या कानडी चाली. यातली बहुतेक वृत्ते लोकांना कीर्तनातून, पोथीतून, घरातल्या आजीच्या तोंडून पाठ होती. दुष्यंत बोलता बोलता एक दिंडी म्हणून जाई, शकुंतला साकीत उत्तर देई, आणि कथा तसूभरही अडत नसे. आलाप नाही, ताना नाहीत. पद हे संवादाचेच थोडे चढलेले रूप होते.

हे सर्वांत सुरेख जमले आहे ‘सौभद्र’मध्ये. १८८२ च्या नोव्हेंबरात त्याचे पहिले तीन अंक झाले आणि पुढच्या वर्षी नाटक पुरे झाले. बलरामाला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे, बहिणीचे मन अर्जुनावर, अर्जुन संन्याशाच्या वेषात द्वारकेत दाखल झालेला, आणि कृष्ण सगळ्यांना खेळवत बसलेला. नावे महाभारतातली, पण घर पेशवाई पुण्यातले. रुक्मिणी रुसते आणि कृष्ण तिची समजूत काढतो तो प्रवेश पाहा. त्यातली पदे काढून टाकली तर समजूत काढलीच जात नाही, कारण लाडीगोडीचे सगळे काम पदांनी केले आहे. गाणे पात्राच्या स्वभावात इतके मुरलेले मराठी रंगभूमीवर पुन्हा फार थोड्या वेळा पाहायला मिळाले. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, तेव्हा ‘रामराज्यवियोग’ अर्धेच राहिले होते.

त्यांच्या तालमीतले गोविंद बल्लाळ देवल हा वारसा सांभाळून होते. ‘मृच्छकटिक’ १८८७ मध्ये आणि ‘शारदा’ १८९९ मध्ये आले. ‘शारदा’त पंच्याहत्तरीला टेकलेला भुजंगनाथ पैसे मोजून कांचनभटाची कोवळी मुलगी करू पाहतो, आणि भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. पुराणातल्या राजकन्यांच्या जागी शेजारच्या वाड्यातली मुलगी गाऊ लागली. तिची पदे ऐकून घरोघरच्या बायका रडल्या. बाला-जरठ विवाहावर तेव्हा निबंध आणि व्याख्याने पुष्कळ होत होती, पण बायकांपर्यंत हा प्रश्न जितका ‘शारदा’च्या पदांनी पोचवला तितका दुसऱ्या कशाने क्वचितच पोचला असेल.

याच काळात तराजूचे दुसरे पारडे जड होऊ लागले. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजासाठी लोक किर्लोस्कर मंडळीच्या खेळांना गर्दी करू लागले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या ‘वीरतनय’पासून साक्या-दिंड्या बाजूला सारून पारशी रंगभूमीच्या चटकदार चाली आणल्या. चाल आधी आणि शब्द मागून, असे होऊ लागले. अवघड समासांची ओझी घेऊन पदे त्या चालींवर कशीबशी चालत. चालीमुळे लोक ती गुणगुणत, अर्थाची फारशी फिकीर न करता.

१९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला. बालगंधर्व हे नाव त्याला लोकमान्य टिळकांच्या उद्गारावरून मिळाले, असे सांगतात. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्याची लहान मुलगी गेली. तरीही खेळ झाला आणि भामिनी होऊन तो रंगभूमीवर आला. या नाटकाचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे. त्यांनी ठुमरी, कजरी, दादरा अशा पूरब बाजाच्या चालींना मराठी शब्दांत बसवले. पाच वर्षांनी ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी संगीत दिले. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तीन घराण्यांची तालीम पचवलेल्या गवयाने रुक्मिणीच्या तोंडी थेट रागदारीच घातली.

आता खेळ कसा होई ते पाहण्यासारखे आहे. तिसरी घंटा व्हायची, पडदा वर जायचा, नांदी व्हायची. साथीदार रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात बसलेले. पुढे बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन आला, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा आले. असा तबला मैफलीतही सहजी ऐकायला मिळत नसे. मायक्रोफोन नाही. पद संपले की पिटातून ‘वन्स मोअर’ची आरोळी, आणि गायक तेच पद पुन्हा घेई, पण तेच कसे घेणार? दुसऱ्या वेळी नवी जागा, तिसऱ्या वेळी वेगळी तान. तोवर समोरचे पात्र संवादाची वाट पाहत उभे. रात्री सुरू झालेला खेळ संपता संपता उजाडत असे.

टीकाकारांनी यावर पुष्कळ लिहिले आणि ते खोटे नव्हते. पण दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. घराण्यांचे गाणे तोवर दरबारात आणि मोजक्या बैठकांत कोंडलेले होते. नाटक मंडळ्यांनी ते आठ आण्यांच्या प्रेक्षकापर्यंत नेले. मिरज, हुबळी, अमरावती, इंदूर, जिथे मंडळीचा मुक्काम तिथे भीमपलास आणि यमन पोचले. मराठी मध्यमवर्गाला शास्त्रीय संगीताचा जो कान आला, त्याचे मोठे श्रेय या फिरत्या बिऱ्हाडांना द्यावे लागते.

आणि बालगंधर्व केवळ गवई नव्हते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त, गडकरी गेल्यानंतर रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात, भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेला हा नट सिंधू म्हणून ठिगळाच्या लुगड्यात आला. पदे वि. सी. गुर्जरांची होती. तिथे पात्र आणि गाणारा वेगळे काढता येत नाहीत.

या वैभवाचा कळस ८ जुलै १९२१ चा. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाले. स्वतःच्या गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर. तीन महिने उलटायच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले.

मग पडझड झाली ती वेगाने. गंधर्व मंडळी थाटामाटाच्या खर्चापायी कर्जात होतीच. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत मंडळी चित्रपटाकडे वळली, ‘धर्मात्मा’त एकनाथ होऊन बालगंधर्वही पडद्यावर आले. प्रेक्षकाला दोन-अडीच तासांत, कमी पैशांत गाणे मिळू लागले आणि गावोगावची थिएटरे बोलपटांना मिळाली. मधल्या काळात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याचा प्रश्नही सुटत आला. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढून ‘सौभद्र’ केले. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त केशवराव भोळ्यांनी मोजकीच गाणी ठेवली. मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी भावगीतासारखी आटोपशीर पदे गायिली, आणि त्यांना मास्तर कृष्णरावांची चाल होती. हे नाटक १९४२ चे.

१९६० नंतर पुन्हा उभारी आली. विद्याधर गोखल्यांची ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘मंदारमाला’, कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’, शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’. यातल्या शेवटच्या दोन्ही नाटकांचे संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. त्यांनी पद पाच-सहा मिनिटांत बांधले, अनवट रागांकडे वळवले आणि शब्दांना जागा दिली. बालगंधर्व १९६७ च्या जुलैत वारले. त्याच वर्षी डिसेंबरात पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले. गवई नाटक अडवतो ही जुनी तक्रार दारव्हेकरांनी फार हुशारीने सोडवली. त्यांचे पात्रच गवई होते. खाँसाहेब आणि पंडितजी यांचे भांडण घराण्याचे, गायकीचे, त्यामुळे तान घेतली की कथाच पुढे सरके. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब ज्यांनी पाहिला त्यांना दुसरा खाँसाहेब पटला नाही.

पाच वर्षांनी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ झाले. त्याला कोणी संगीत नाटक म्हणत नाही, म्हणायला हवे. तेंडुलकरांनी माणसांची भिंत उभी केली. ती गाते, डोलते, सरकते, आणि प्रसंग सांगते. कीर्तन, अभंग, लावणी हे सगळे भास्कर चंदावरकरांच्या हाती आले. भाव्यांच्या सूत्रधाराकडचे निवेदन इथे बारा ब्राह्मणांच्या रांगेने घेतले आहे, आणि त्या गोड चालींखाली सत्तेचा क्रूर व्यवहार चालतो.

आज संगीत नाटकाची खरी वस्ती गोव्यात आहे. तिथे देवळाच्या जत्रेला ‘सौभद्र’ आणि ‘संशयकल्लोळ’ लागतात, कला अकादमी संगीत नाटकांची स्पर्धा भरवते, आणि दिवसा शाळेत शिकवणारा किंवा बँकेत बसणारा माणूस रात्री धैर्यधर होतो. महाराष्ट्रात व्यावसायिक रंगभूमीवर २०१७ मध्ये प्राजक्त देशमुखांचे ‘संगीत देवबाभळी’ आले. तुकोबांची आवली आणि तिच्या घरी मदतीला आलेली रखुमाई, दोनच बायका. इथे गाणे ओवी-अभंगाच्या अंगाने येते, संसारातली कामे उरकताना येते, आणि विशीतली मुले ते ऐकायला तिकीट काढून आली.