ओवीतला ख्रिस्तजन्म

बेथलेहेमच्या गोठ्यातील जन्मकथा मराठीत ओवीबद्ध केली ती एका इंग्रज जेझुइटाने. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्त्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. कानांत रुळलेली ओवी मात्र त्यांनी राखली. पहिल्या पुराणात मसीहाची प्रतीक्षा आहे, दुसऱ्यात त्याचा जन्म, बाल्य व पुढील चरित्र. स्वर्गाचे नाव वैकुंठच. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवर बंदी घातली. तरीही ग्रंथ हस्तलिखितांतून तगला आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापला गेला. धर्म बदलला, तरी श्रद्धेची भाषा आज्ञेने बदलत नाही, हीच त्याची साक्ष होय.