चाटून परत केलेला पेला

जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याची सवय मला माहेरीच लागली. उष्टं तसंच ठेवलं तर एका मुहूर्ताच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत त्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, असं पाठशाळेत शिकवलेलं. त्यामुळे लंडनच्या ‘पेनी लिक’बद्दल वाचताना अंगावर काटाच आला.

एकोणिसाव्या शतकात तिथे रस्त्यावर आइस्क्रीम विकणारे बहुतेक इटलीहून पोटासाठी आलेले लोक. एक पेनी दिली की छोट्या पेल्यात आइस्क्रीम मिळे. पेल्याची काच चांगली जाड, म्हणजे चमचाभर मालही भरपूर दिसावा! गिऱ्हाइकाने उभ्या उभ्या पेला चाटून पुसायचा आणि परत द्यायचा. विक्रेता तो फडक्याने पुसे, फार तर बादलीत बुचकळे, की पुढच्या पोरासाठी भरायला मोकळा. आणि गारठ्याने जंतू मरतात थोडेच? बरेचसे नुसते निपचित पडतात.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. रोग्याच्या थुंकीत तो सापडतो हे कळल्यावर त्या पेल्याकडे बघायची नजरच बदलली. शेवटी १८९९ मध्ये लंडनमध्ये पेनी लिकवर बंदी आली.

पुढे न्यूयॉर्कमध्ये इटालो मार्किओनी या हातगाडीवाल्याने खाता येतील असे कप बनवायच्या साच्याचं पेटंट १९०३ मध्ये मिळवलं. पेलाच खाऊन टाकायचा, मग परत कुठला येतोय! हाही इटलीचाच, हे मला फार आवडलं. कारण लंडनमध्ये नावं ठेवली गेली ती नुसत्या पेल्याला नाही, ‘घाणेरड्या इटालियनां’नाही. जंतू कुठे माणसाचा मुलूख विचारतो?

हे लिहिताना स्वयंपाकघराच्या खिडकीकडे लक्ष गेलं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप तिथे वेगळा, पालथा असतो. उष्ट्याचा नियम म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तो कप त्या घासूनच ठेवतात. आणि आम्हा सगळ्यांचे कप तरी कोण घासतं?

मी तो उचलून फळीवर आमच्या कपांत ठेवला. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मावशींनी तो विसळला आणि परत खिडकीतच पालथा घातला.