डेस्कटॉप प्रोसेसर की वर्कस्टेशन प्रोसेसर? जास्त पैसे नेमके कशाचे लागतात

फोन घेताना आपण 'ऑक्टा-कोर' वाचतो आणि पुढे कॅमेरा बघायला लागतो. फोनमध्ये ते चालतं, कारण तिथे प्रोसेसर सुटा विकत मिळत नाही. पीसी बनवायला गेलात की गोष्ट बदलते. दुकानदार दोन कोटेशन हातात ठेवतो. एकात रायझन ९ किंवा कोअर आय९, दुसऱ्यात थ्रेडरिपर किंवा झिऑन डब्ल्यू. दुसऱ्याची रक्कम बघून घरचे गप्प होतात. मग तो म्हणतो, "हे प्रोफेशनल आहे, दहा वर्षं बघायला नको."

अशीच दोन कोटेशनं गेल्या वर्षी सीवूड्समधल्या आमच्या ओळखीच्या काकांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांची मुलगी बिल्डरांसाठी उलवे, खारघरकडच्या फ्लॅटचे थ्रीडी वॉकथ्रू बनवते, घरूनच. काका एफडी मोडायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "काका, दोन दिवस थांबा, आधी ताईचं काम बघू." त्या कामाकडे पुढे येतो. आधी हे दोन प्रोसेसर एकमेकांपासून वेगळे कुठे होतात ते समजून घेऊ.

एकाच घरातले दोन भाऊ

तुलना न्याय्य व्हावी म्हणून मी एकाच पिढीतले दोन घेतो. एएमडी रायझन ९ ७९५०एक्स सप्टेंबर २०२२ मध्ये आला, थ्रेडरिपर ७९६०एक्स नोव्हेंबर २०२३ मध्ये. दोघांतही झेन ४ हाच कोर आहे. म्हणजे एक कोर घेऊन बघितला तर आतली रचना तीच. यानंतर नवी पिढीही आली आहे, पण फरकाचं स्वरूप तेच राहिलंय.

७९५०एक्समध्ये १६ कोर, ३२ थ्रेड, कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश ६४ एमबी, टीडीपी १७० वॉट. बाजारात आला तेव्हा अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलर. ७९६०एक्समध्ये २४ कोर, ४८ थ्रेड, कमाल वेग ५.३ गिगाहर्ट्झ, कॅश १२८ एमबी, टीडीपी ३५० वॉट, किंमत १४९९ डॉलर.

नीट बघा. कोर दीडपट झाले, किंमत दुपटीच्या वर गेली, आणि एका कोरचा वेग उलट कमी झाला. नुसते कोर मोजले तर हा तोट्याचा सौदा दिसतो. पैसे दुसऱ्याच कशाचे तरी आहेत.

कोर म्हणजे लोकलचे डबे

पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलला डबे वाढवले तर जास्त माणसं जातील. तुम्ही मात्र लवकर पोचणार नाही. कोरचं तसंच आहे. काम तुकड्यांत वाटता आलं तरच जास्त कोर उपयोगी पडतात. वाटता येत नसेल तर गिगाहर्ट्झ महत्त्वाचा, म्हणजे गाडीचा वेग.

हे गणितात मांडता येतं, आणि हा हिशोब प्रत्येकाने एकदा करून बघावा असं मला वाटतं. समजा एखाद्या कामाचा १० टक्के भाग असा आहे की तो एकाच कोरवर चालतो, बाकी ९० टक्के वाटता येतो. १६ कोरवर ते काम एका कोरच्या तुलनेत ६.४ पट वेगाने होईल. ६४ कोर लावले तर? जेमतेम ८.८ पट. कोर चौपट, फायदा दीडपटसुद्धा नाही. पण न वाटता येणारा भाग फक्त १ टक्का असेल, तर १६ कोरवर साधारण १४ पट आणि ६४ कोरवर ३९ पट वेग मिळतो. याला ॲमडालचा नियम म्हणतात. प्रोसेसर तोच, पैसे तेच, फरक पडला तो कामामुळे.

ब्लेंडरमध्ये प्रोसेसरवर रेंडर करणं हे दुसऱ्या प्रकारातलं काम आहे, सगळे कोर शेवटपर्यंत राबतात. मोठा अँड्रॉइड प्रोजेक्ट कंपाइल करतानाही बरेच कोर कामाला लागतात. ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअपमध्ये मॉडेल फिरवणं आणि बहुतेक गेम मात्र एक-दोन वेगवान कोरवर जास्त अवलंबून असतात. तिथे थ्रेडरिपर रायझनच्या मागे पडू शकतो. हे ऐकून लोकांना धक्का बसतो, पण ५.३ हा ५.७ पेक्षा कमीच असतो ना.

खरा फरक: रस्ते

आता पैसे कुठे जातात ते बघू. प्रोसेसर एकटा काही करत नाही, त्याला रॅममधून डेटा यावा लागतो. ७९५०एक्सला रॅमकडे जाणारे दोन चॅनल आहेत, ७९६०एक्सला चार. दोघांचाही अधिकृत रॅम वेग डीडीआर५-५२००. एका चॅनलमधून एका वेळी ८ बाइट जातात, म्हणजे ५२०० गुणिले ८ गुणिले चॅनल. उत्तर: रायझनला सेकंदाला ८३.२ जीबी, थ्रेडरिपरला १६६.४ जीबी. बरोबर दुप्पट.

रॅम किती लावता येते तिथेही मोठी तफावत आहे. रायझनच्या बोर्डवर चार स्लॉट असतात खरे, पण चारही भरले की एएमडीचा अधिकृत वेग ५२०० वरून थेट ३६०० वर उतरतो. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून त्या बोर्डवर चार छोट्या स्टिक घेण्याऐवजी दोन मोठ्या घ्या. थ्रेडरिपर ७९६०एक्स १ टीबीपर्यंत रॅम घेतो, पण ती आरडीआयएमएम प्रकारची लागते. ही सर्व्हरवाली रॅम साध्या बोर्डच्या स्लॉटमध्ये बसत नाही आणि साधी तिकडे बसत नाही. जुन्या पीसीतली रॅम वापरू असं डोक्यात असेल तर विसरा.

दुसरा रस्ता पीसीआय एक्सप्रेसचा. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, कॅप्चर कार्ड हे सगळे या लेनवरून प्रोसेसरशी बोलतात. ७९५०एक्सकडे वापरायला २४ लेन. एक ग्राफिक्स कार्ड १६ घेतं, दोन एनव्हीएमई एसएसडी चार-चार घेतात, झाला रस्ता फुल. दुसरं ग्राफिक्स कार्ड लावलं तर, बोर्डमध्ये सोय असेल तर, १६ लेन आठ-आठ वाटून घ्याव्या लागतात. सायन-पनवेल हायवेवर एक लेन बंद झाल्यावर जे होतं तेच. ७९६०एक्सकडे पाचव्या पिढीच्याच ४८ लेन आहेत, चौथ्या पिढीच्या वेगळ्या.

यावरही एक पायरी आहे. थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्समध्ये ९६ कोर, आठ रॅम चॅनल, १२८ लेन आणि किंमत ९९९९ डॉलर. इंटेलच्या झिऑन डब्ल्यू-३४०० मालिकेत, जी २०२३ मध्ये आली, ५६ कोरपर्यंत, आठ चॅनल आणि ११२ लेन मिळतात. ही मंडळी सर्व्हर प्रोसेसरची सख्खी भावंडं. थ्रेडरिपर आणि एएमडीचा सर्व्हरवाला एपिक एकाच प्रकारच्या तुकड्यांपासून बनतात. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगात ६३ वा आला होता, त्यातही एपिकच आहेत. आणि आपल्या महापे, ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये रॅकच्या रॅक भरलेले असतात तेही एपिक आणि झिऑनच्याच कुळातले.

ईसीसी म्हणजे काय आणि कोणाला हवं

रॅममध्ये कधीकधी एखादा बिट आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. रील बघताना झालं तर एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल, तुमच्या लक्षातही येणार नाही. पण तीन दिवस चालणाऱ्या पुलाच्या हिशोबात झालं तर उत्तर चुकेल, आणि चुकलं हे कोणाला कळणारही नाही. ईसीसी रॅम एक उलटलेला बिट स्वतः दुरुस्त करते आणि दोन उलटले तर ओरडून सांगते.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच' असं बरेच व्हिडिओ सांगतात. डीडीआर५ च्या चिपच्या आत स्वतःपुरती दुरुस्ती असते हे खरं. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही. त्यासाठी पूर्ण ईसीसी रॅमच लागते. बोर्डने साथ दिली तर रायझनवरही ती चालते, हे बोर्डच्या वेबसाइटवर आधी तपासा.

मग काकांनी काय घेतलं

ताईच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक केलं आणि 'लॉजिकल प्रोसेसर' निवडलं. म्हणजे प्रत्येक थ्रेडचा वेगळा चौकोन दिसतो. मॉडेल बनवताना एकच चौकोन वर जात होता. रेंडर ती एन्स्केपमध्ये करते, जे ग्राफिक्स कार्डवर चालतं, त्यामुळे तेव्हा प्रोसेसर जवळजवळ निवांत आणि कार्ड शंभर टक्क्यांवर. थ्रेडरिपरचे २४ कोर तिथे नुसते बसून राहिले असते.

त्यांनी ७९५०एक्सचं मशीन घेतलं आणि वाचलेल्या पैशांतून जास्त व्हीआरएएमचं ग्राफिक्स कार्ड आणि ६४ जीबी रॅम, दोन स्टिकमध्ये. खरं सांगायचं तर १२ कोरचा रायझनही पुरला असता, पण ताईने हट्ट केला. एफडीचा मोठा भाग जागेवर राहिला.

उलटं उदाहरणही आहे. महापेला काम करणारा माझा एक मित्र पाइपांमधल्या प्रवाहाचं सिम्युलेशन करतो. त्या कामात प्रोसेसर सतत रॅममधून डेटा ओढत असतो, त्यामुळे चॅनल दुप्पट झाले की काम खरोखर लवकर उरकतं. त्याच्या कंपनीने वर्कस्टेशन घेतलं ते योग्यच केलं. चार ग्राफिक्स कार्ड एकत्र लावून एआय मॉडेल शिकवणाऱ्यांचंही तसंच. तुमच्या टास्क मॅनेजरमध्ये सगळे चौकोन तासन्‌तास भरलेले राहत असतील, रॅम कायम संपत असेल किंवा लेन कमी पडत असतील, तर वर्कस्टेशनचा विचार करा. नाहीतर नको.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

थ्रेडरिपरचा बोर्ड साध्या बी६५० बोर्डपेक्षा कित्येक पट महाग असतो. त्यात डिस्प्लेसाठी आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे स्क्रीनवर काही दिसायलाही वेगळं कार्ड हवं. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट झेपवतो, प्रोसेसरच ३५० चा. वीजबिलाचा बाऊ मात्र करू नका: पूर्ण भारावर १८० वॉटचा फरक, रोज ८ तास, महिन्यात २५ दिवस, म्हणजे ३६ युनिट. युनिट १० रुपयांचं धरलं तर ३६० रुपये. खरा त्रास उष्णतेचा. हे सगळे वॉट शेवटी तुमच्याच खोलीत येतात, आणि मे महिन्यात नेरूळच्या वन बीएचकेमध्ये एसीशिवाय ते सहन होत नाही.

आणि ते स्वस्तातलं झिऑन?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त कॉलेजची मुलं विचारतात. जुना झिऑन ई५-२६८० व्ही४, एक्स९९ नावाचा चिनी बोर्ड, 'चौदा कोर वर्कस्टेशन' म्हणून लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे विकला जातो. चौदा कोर आहेत, चार रॅम चॅनल आणि ४० लेनही आहेत, खोटं काही नाही. पण तो २०१६ चा सर्व्हर प्रोसेसर आहे, कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ, लेन तिसऱ्या पिढीच्या आणि रॅम डीडीआर४. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही. लिनक्स टाकून ब्लेंडर किंवा सर्व्हर शिकायचं असेल आणि दुकानदार बोर्डची लेखी वॉरंटी देत असेल तर घ्या. गेम खेळायला किंवा स्केचअप चालवायला घेत असाल, तर त्याच पैशात सहा कोरचा नवा रायझन ५ किंवा आय५ बसतो का ते आधी विचारा.