मांजराचे पोट कशाने बिघडते? दुधाची वाटी, ताटातले उरलेले आणि पिल्लांची काळजी

बेळगाव (प्रतिनिधी) : मांजर म्हटले की दुधाची वाटी आलीच. घरात नवीन पिल्लू आले की पहिल्यांदा दूध दिले जाते. पिल्लाला जुलाब लागले तरी 'काहीच खाईना झालंय, निदान दूध तरी पोटात जाऊ दे' म्हणून पुन्हा तीच वाटी पुढे केली जाते. आपल्या भागात घरी, गोठ्यात, किराणा दुकानात उंदरांसाठी मांजर ठेवायची जुनी पद्धत आहे. दूधभात, भाकरीचा कुस्करा आणि रविवारी मटणाची हाडे, एवढ्यावर त्याचे भागते असा समज आहे. मोठे मांजर त्यातूनही निभावून नेते, कारण राहिलेली कसर ते उंदीर, पाली मारून भरून काढते. पिल्लाला ते जमत नाही. अर्ध्या किलोच्या पिल्लाला दोन दिवस जुलाब झाले तर अंगातले पाणी कमी होऊन ते दगावू शकते.

पोट बिघडण्याची कारणे बरीच आहेत. जंत असतात, साथीचे रोग असतात. पण खाण्यातून होणारा बिघाड टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी काय द्यायचे, काय टाळायचे आणि दवाखाना कधी गाठायचा, याची ही माहिती.

मांजर पक्के मांसाहारी

कुत्रा भाकरीवर जगू शकतो, मांजर नाही. त्याचे शरीर मांसातल्या प्रथिनांवर आणि चरबीवर चालते. टॉरिन नावाचा एक घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो मांस-मासळीतूनच मिळतो, धान्यात आणि भाजीत नसतो. टॉरिन कमी पडल्यास डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयही कमजोर होते. हृदयाचा हा संबंध अमेरिकेतल्या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवून दिला. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. कुत्र्याचे खाद्य मांजराला रोज घालू नये, त्याचे हेही एक कारण आहे.

मांजराला गोड चव कळत नाही, हेसुद्धा 2005 मध्ये सिद्ध झाले आहे. त्यामुळे बिस्किट किंवा केक मांजर आवडीने खात असेल तर ते त्यातल्या लोण्या-तुपासाठी. पिठूळ पदार्थ जास्त पोटात गेले की ते नीट पचत नाहीत, गॅस होतो आणि संडास पातळ होते.

दुधाने नेमके काय होते?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारा पाचकरस लहान पिल्लांच्या आतड्यात भरपूर असतो. आईचे दूध सुटत जाते तसा तो कमी होत जातो. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथे पाणी ओढून घेते आणि जंतू तिला आंबवतात. पोट फुगते, गुरगुरते आणि ढाळ लागतात. काही मोठ्या मांजरांना चमचा-दोन चमचे दूध सोसते. तुमच्या मांजराला वर्षानुवर्षे काही झाले नसेल तर तेवढ्याने घाबरायचे कारण नाही. पण दूध हा मांजराचा आहार नव्हे आणि पोट बिघडलेले असताना तर ते बंदच ठेवावे. दह्या-ताकात लॅक्टोज कमी असते, म्हणून ते काहींना चालते. तरीही जुलाबावरचे औषध म्हणून दही पाजत बसू नये.

प्यायला स्वच्छ पाणी दिवसभर ठेवावे. हे साधे काम बहुतेक घरांत राहून जाते.

आईविना पिल्लू सापडले तर

गोठ्यात किंवा माळ्यावर पिल्ले दिसली म्हणून लगेच उचलू नका. भाटी खायला गेलेली असते. काही तास लांबून लक्ष ठेवा. ती आलीच नाही तर मात्र पिल्लांची जबाबदारी आपली.

गाय-म्हशीचे दूध यांना पुरत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधापेक्षा दुपटीच्या आसपास असतात. म्हशीच्या दुधात चरबी असते, पण प्रथिने तितकी नसतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, तीच वापरावी. ती रातोरात मिळण्यासारखी नसेल तर पशुवैद्यांना फोनवर विचारून तात्पुरती सोय करावी. पुढच्या गोष्टी सांभाळल्या तर निम्मे बिघाड टळतात.

- पिल्लू गार पडले असेल तर आधी ऊब द्या, मग दूध. गार अंगाला दूध पचत नाही.
- पिल्लू पोटावर, म्हणजे आईला पिते तसे धरा. उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाते.
- पावडर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. घट्ट केली किंवा एका वेळी जास्त पाजली तरी जुलाब होतात.
- पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, रात्रीसुद्धा.
- पहिले तीन आठवडे पिल्लांना आपणहून लघवी-संडास होत नाही. आई चाटते तसे कोमट ओल्या कापसाने हलकेच पुसावे.
- स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन करा. जन्मताना ते साधारण 100 ग्रॅम असते आणि रोज 10 ग्रॅमच्या आसपास वाढायला हवे. एक दिवस जरी वजन घटले तरी डॉक्टरांना विचारा.

दूध सोडवताना

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात येतात. तेव्हापासून पिल्लांचे खाद्य पाण्यात किंवा पिल्लांच्या दुधात भिजवून, मऊ करून थोडे थोडे द्यावे. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू दुधावरून खाण्यावर येते. पोट लहान, पण वाढीमुळे भूक मोठी. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा खायला घालावे. एकदाच ताटलीभर वाढले की पिल्लू अधाशासारखे खाते आणि ओकते.

तयार खाद्य घेताना ते 'पूर्ण आणि संतुलित आहार' आहे का आणि पिल्लांसाठीचे आहे का, हे पाकिटावर बघून घ्यावे. नुसत्या उकडलेल्या चिकनवर पिल्लू वाढवणाऱ्यांनीही सावध राहावे. मांसात कॅल्शियम फार कमी असते. महिनोन्महिने तेवढेच दिले तर पिल्लाची हाडे ठिसूळ होतात.

खाणे एकदम बदलू नका

मांजराच्या आतड्याला आणि त्यातल्या उपयोगी जंतूंना एका खाण्याची सवय झालेली असते. ते एका दिवसात बदलले की पोट सुटते. नवीन खाद्य चांगले असले तरी हेच होते. म्हणून बदल सात ते दहा दिवसांत करावा. आधी पाव हिस्सा नवीन आणि बाकी जुने, दोन-तीन दिवसांनी निम्मे निम्मे, मग पाऊण हिस्सा नवीन, शेवटी सगळे नवीन. मध्येच संडास पातळ झाली तर एक पायरी मागे यावे. पिल्लू दुसऱ्याच्या घरून आणताना ते तिथे काय खात होते हे विचारून घ्यावे आणि पहिला आठवडा तेच चालू ठेवावे.

आपल्याकडे हा बदल वर्षातून एकदा ठरलेला असतो. श्रावणात घरात मांस शिजत नाही, तेव्हा मांजरही दूधभातावर येते. मग चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उंदरीला मटण शिजते आणि महिनाभर उपाशी राहिल्यासारखे मांजर चरबी, हाडे, रस्सा सगळे एका दमात खाते. रात्री उलट्या-जुलाब. घरचा श्रावण आपण पाळावा. मांजरासाठी तयार खाद्याचे पाकीट महिनाभर आणून ठेवले तर त्याचेही भागते आणि आपलाही नेम मोडत नाही.

ताटातले उरलेले : काय टाळावे?

कांदा-लसूण : यातले घटक मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या दर किलोमागे 5 ग्रॅमच्या आसपास कांदा पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते. म्हणजे तीन किलोच्या मांजराला 15 ग्रॅम आणि अर्ध्या किलोच्या पिल्लाला जेमतेम अडीच ग्रॅम. शिजवल्याने हा दोष जात नाही. लसूण त्याहून कडक. मटणाचा रस्सा कांदा-लसणाशिवाय होत नाही, तेव्हा रस्सा-भात मांजराला नकोच.

हाडे आणि चरबी : शिजलेली हाडे कुसळासारखी फुटतात. ती घशात अडकतात, आतड्याला लागतात किंवा संडास धरते. चरबीचे तुकडे एकदम खाल्ल्याने उलट्या होतात.

मासळी : काही कच्च्या माशांमध्ये ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. मासळी शिजवून, काटे काढून, अधूनमधून द्यावी. सुकट-बोंबलात मीठ फार असते.

कलेजी : मांजराला ती फार आवडते, पण रोज दिल्यास 'अ' जीवनसत्त्व अति होऊन मानेची हाडे जखडतात. आठवड्यात एखादा तुकडा पुरे.

दोरा : मांस बांधलेला दोरा, गजऱ्याचा दोरा, सुईदोरा गिळल्यास आतडे आवळले जाते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, सरळ दवाखाना गाठा.

पावसाळ्यात ओले खाद्य तासाभरापेक्षा जास्त उघडे ठेवू नये. मुंग्या आणि माशा बसलेले उचलून टाकावे.

उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ : मोठ्या मांजराचे प्रश्न

खाल्ल्याबरोबर न पचलेले अन्न बाहेर येत असेल तर बहुतेक वेळा घाईने खाणे हे कारण असते. दोन-तीन मांजरे एका ताटलीत खात असतील तर ताटल्या वेगळ्या करा. महिन्यातून एखाद्या वेळी केसांचा गोळा पडणे चालते. आठवड्यातून दोनदा उलटी होणे नेहमीचे समजू नये.

तीन आठवड्यांच्या वर जुलाब चालू असतील तर डॉक्टर बऱ्याचदा आधी आहार बदलून पाहतात. आजवर न खाल्लेल्या मांसाचे किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले खास खाद्य देतात. बऱ्याच मांजरांना एवढ्यानेच दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. अट एकच, त्या काळात शेजारच्या घरचा घासही बंद.

कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम 10 टक्के असते, ओल्या खाद्यात 75 ते 80 टक्के. संडास कडक होत असेल तर ओले खाद्य वाढवावे. उकडलेला, बिनमिठाचा लाल भोपळा चमचाभर दिला तरी उपयोग होतो. पण बोका सारखा जोर करतोय आणि काहीच होत नाही, असे दिसले तर ते बद्धकोष्ठ समजून घरी बसू नका. त्याची लघवी अडलेली असू शकते, आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो.

पोट बिघडल्यावर घरी काय करावे?

मांजर हुशार आहे, खेळते आहे, फक्त संडास पातळ आहे, अशा वेळी दूध आणि ताटातले बंद करावे. बिनहाडाचे चिकन मीठ-हळद न घालता उकडून, बारीक करून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. सोबत मऊ भात चमचाभर चालतो. हे दोन-तीन दिवसांपुरतेच. मग हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणावे.

'पोटाला विश्रांती' म्हणून उपाशी ठेवणे मांजराला मानवत नाही. पिल्लाला तर उपाशी ठेवूच नये, त्याच्या रक्तातली साखर लगेच उतरते. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवले नाही तर यकृतात चरबी साचून गंभीर आजार होतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

माणसांची औषधे अजिबात नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. जुलाब थांबवायच्या आपल्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

खाणे बरोबर असूनही जुलाब?

गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात येतात. हातपाय काड्या आणि पोट नगारा, असे पिल्लू दिसले की जंत असण्याची शक्यता मोठी. तिसऱ्या आठवड्यापासून वजनाप्रमाणे जंताचे औषध सुरू करता येते. मात्रा डॉक्टरांकडूनच घ्यावी.

दुसरा धोका पॅनल्यूकोपेनिया या विषाणूचा. ताप, उलट्या, जुलाब होतात आणि पिल्लू मलूल पडते. यात बरीच पिल्ले वाचत नाहीत. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. त्यामुळे या रोगाने पिल्लू गेलेल्या घरात लस न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये.

दवाखाना कधी गाठायचा?

पिल्लाच्या बाबतीत त्याच दिवशी. मोठ्या मांजराला जुलाब एक-दोन दिवसांत थांबले नाहीत तर. आणि पुढीलपैकी काही दिसले तर वय न बघता लगेच.

- संडासात किंवा उलटीत रक्त
- प्यायलेले पाणीही पोटात न टिकणे
- हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट कोरड्या
- मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर पटकन खाली न बसणे
- अंग गार पडणे किंवा ताप (मांजराचे नेहमीचे तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस असते)
- चोवीस तास काहीच न खाणे

जाताना संडासाचा थोडा नमुना डबीत घ्या. मागच्या तीन दिवसांत काय काय खाल्ले, लस आणि जंताचे औषध कधी झाले, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'काय खाल्लं होतं?' हाच असतो. 'नेहमीचंच' या उत्तरातून त्यांना काही कळत नाही.