हॉकीचा चेंडू आणि छायाचित्रकाराचा डोळा



कळंब हे मांजरेकाठचे गाव. काळी जमीन, मोकळे शिवार, आणि शाळा सुटली की दप्तर टाकून मैदानावर धावणारी पोरे. आपल्या भागाचा जुना खेळ म्हणजे कुस्ती. खो-खो म्हणाल, तर त्यातही जिल्ह्याने नाव काढले आहे. आपल्या जिल्ह्याची सारिका काळे भारतीय संघाची कर्णधार झाली, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा मैदानावर घाम गाळणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे आता कोणी म्हणू नये.

आज मात्र मी बोलणार आहे हॉकीविषयी, आणि हॉकीच्या जोडीने येणाऱ्या एका छंदाविषयी. हा छंद म्हणजे पळत्या खेळाचे छायाचित्र टिपण्याचा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला कधी कधी ही दोन्ही वेडे एकदम लागतात. अर्धा वेळ काठी घेऊन चेंडूमागे धावायचे, आणि उरलेला वेळ मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्यांचा खेळ टिपायचा. घरची माणसे विचारतात, "अरे, यातून मिळणार काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात सापडते का, ते आपण पाहू.

आता असे पाहा. शेतकरी पेरतो, त्याचे पीक खळ्यावर येते. सुतार तिफण करतो, ती वर्षानुवर्षे चालते. पण खेळाडू जे करतो ते त्याच क्षणी संपते. चेंडू गोलात गेला, टाळ्या पडल्या, माणसे घरी गेली. मागे राहते काय? पाहणाऱ्याची आठवण, आणि कोणी टिपले असेल तर चित्र. आठवण माणसाबरोबर जाते. चित्र सांभाळले तर टिकते.

परंतु पळत्या गोष्टीचे चित्र काढणे फार काळ माणसाला जमले नव्हते. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची रीत जगापुढे आली. त्या काळी यंत्रासमोर बसणाऱ्याला बराच वेळ निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे आधार लावीत. तिथे धावणाऱ्या माणसाचे चित्र कुठून निघणार? हलला तो पुसला गेला, असा तो मामला होता.

पुढे अमेरिकेत एक वाद निघाला. भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही? डोळ्यांना ते कळत नव्हते. १८७८ साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने बारा यंत्रे ओळीने मांडली आणि घोड्याच्या वाटेत दोरे ताणले. घोडा दोरा तोडी, की ते यंत्र उघडे. चित्रे निघाली, आणि खरे काय ते दिसले. चारही पाय सुटतात. पण चित्रकार दाखवीत तसे पुढेमागे ताणलेले असताना सुटत नाहीत, पोटाखाली गोळा झाल्यावर सुटतात. हजारो वर्षे माणूस घोड्यावर बसला, पण घोडा कसा पळतो हे त्याला त्या दिवशी उमगले. पळत्याचे चित्र ही नुसती हौस नव्हे, ते ज्ञानाचे साधन आहे, हा धडा तेथे मिळाला.

तुम्ही म्हणाल, हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्याकडे काय होते? आपला मुलूख त्या वेळी हैदराबादच्या निझामाच्या राज्यात होता. त्या दरबारी लाला दीनदयाळ हे थोर छायाचित्रकार होते. सहाव्या निझामाने १८९४ साली त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झन निझामाच्या राज्यात शिकारीला आला, तेव्हाचे मारलेल्या वाघाजवळचे त्याचे चित्र दीनदयाळांचेच. चित्र सुरेख आहे. पण त्यातला वाघ मेलेला आहे, म्हणूनच तो स्थिर आहे! झेप घेणारा वाघ काचेवर उतरवणे अजून कठीणच होते.

ही कोंडी आपल्या मराठी माणसाने, अन् तीही खेळाच्या निमित्ताने, फोडली याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे मुंबईतले छायाचित्रकार. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ती पाहून सावेदादांच्या मनाने घेतले, आपणही असे करावे. त्यांनी इंग्लंडहून चलच्चित्राचे यंत्र मागवले. मग १८९९ साली त्यांनी पहिले चित्रीकरण केले ते कशाचे? राजाच्या मिरवणुकीचे नव्हे, साहेबाच्या मेजवानीचेही नव्हे. मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती त्यांनी टिपली. भारतीय माणसाने घेतलेले हे पहिलेच चलच्चित्र मानले जाते. म्हणजे या देशाच्या सिनेमाचा श्रीगणेशा आखाड्यात झाला, बरं का!

आता हॉकीकडे वळू. हा खेळ आपल्याकडे इंग्रजी फौजेबरोबर आला आणि छावण्यांतून फैलावला. १८९५ साली कलकत्त्यात बेटन चषकाचे सामने सुरू झाले, पाठोपाठ १८९६ साली मुंबईत आगाखान चषकाचे. सामान थोडे, शिस्त मोठी, आणि शरीराला काम भरपूर. त्यामुळे पलटणीतल्या शिपायांनी हा खेळ उचलला.

अशाच एका पलटणीत १९२२ साली कोवळ्या वयाचा एक पोर भरती झाला. त्याचे नाव ध्यानचंद. पुढे १९२८ ला ॲमस्टरडॅम, १९३२ ला लॉस एंजेलिस आणि १९३६ ला बर्लिन, अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके भारताने मिळवली, आणि तिन्ही संघांत ध्यानचंद होते. बर्लिनला शेवटच्या सामन्यात जर्मनीवर ८-१ असा विजय मिळाला. तारीख होती १५ ऑगस्ट १९३६. स्वातंत्र्य मिळायला अजून बरोबर अकरा वर्षे होती.

पण ध्यानचंदांचा खेळ आपण पाहिला आहे का? त्यांचे आकडे आपल्याला पाठ आहेत. चेंडू काठीला चिकटल्यासारखा दिसे, असे आपण ऐकतो. मात्र ती काठी नेमकी कशी फिरे, मनगट कसे वळे, हे दाखवणारी चित्रे फार थोडी. आज आकाशातून आणि गोलामागून खेळ टिपला जातो, तशी सोय त्या काळी असती, तर आपल्या पोरांना केवढी शिदोरी मिळाली असती!

आणखी एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १२ ऑगस्ट १९४८. त्या दिवशी लंडनच्या वेम्बली मैदानावर स्वतंत्र भारताच्या संघाने ब्रिटनला ४-० असे हरवून सुवर्णपदक घेतले. कर्णधार होते किशनलाल. लिओ पिंटो आणि वॉल्टर डिसूझा यांच्यासारखे मुंबईच्या मैदानांवर गाजलेले गडी त्या संघात होते. ज्यांनी दीडशे वर्षे राज्य केले, त्यांच्याच घरी जाऊन त्यांना हरवले. तिरंगा तिथे वर चढला, त्या दिवशी आपले कळंब मात्र अजून निझामाच्याच अमलाखाली होते. हैदराबाद संस्थान मोकळे झाले ते त्यानंतर महिनाभराने, १७ सप्टेंबर १९४८ रोजी. गुरुजनहो, स्वातंत्र्याचा हा धडा शिकवताना या दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहा. मुले विसरणार नाहीत.

पुढे काळ पालटला. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी गवताऐवजी कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली, आणि खेळाची चालच बदलली. अशी हिरवळ म्हणजे खर्चाचे काम. खेड्यातल्या पोरांनी मग काय करावे?

त्याचे उत्तर पुण्याजवळच्या खडकीत मिळते. तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले वाढला. जन्म १६ जुलै १९६८ चा. वडील मैदानाची देखभाल करीत. घरात पैसा बेताचा. भाऊ-भाऊ मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन मातीच्या मैदानावर खेळत. तोच धनराज पुढे चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले, आणि तेही बत्तीस वर्षांनी.

कोणी म्हणेल, खडकी म्हणजे शहरच. तर मग सातारा जिल्ह्याकडे पाहा. वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ या सातारकडच्या मुली. जून २०२३ मध्ये जपानात मुलींच्या संघाने कनिष्ठ गटाचा आशिया चषक प्रथमच जिंकला, त्या संघात या दोघी होत्या. वैष्णवी ही शेतकऱ्याची लेक. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही ती होती. सातारच्या मातीत जे पिकते ते मांजरेकाठी पिकणार नाही, असे थोडेच आहे?

आता छायाचित्राचे थोडे गणित करू. गणिताच्या गुरुजींनी हे वर्गात जरूर घ्यावे. हॉकीचा चेंडू सुमारे १६० ग्रॅम वजनाचा आणि तीन इंचांहून किंचित कमी व्यासाचा असतो. जोराचा फटका बसला आणि चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने निघाला असे धरा. म्हणजे एका सेकंदात तो सुमारे २८ मीटर जाईल. यंत्राची झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात चेंडू दीड फूट पुढे सरकतो. चित्रात चेंडू दिसायचा नाही, पांढरा फराटा दिसेल. झडप सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटली, तर चेंडू जेमतेम इंचभर सरकतो, आणि चित्रात तो चेंडूसारखा दिसतो. पण झडप इतक्या लवकर मिटली तर उजेड कमी आत येणार. म्हणून भरपूर उजेड हवा. दिवस कलल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास पळता खेळ का पुसट येतो, याचे कारण हेच.

यंत्र मात्र फार भारी पाहिजे असे नाही. आज पुष्कळ घरांत मोबाइल फोन आहे, त्यावर शिकता येते. ऊन पाठीशी घ्यावे. चेंडू जिथे येणार, तिथे नजर आधी ठेवावी. खेळाडू आडवा पळत असेल, तर त्याच्या वेगाने यंत्रही हळूच फिरवावे, म्हणजे मागचे झाड पुसट येते आणि खेळाडू ठसठशीत उमटतो. गोलाच्या अगदी समोर मात्र बसू नये. चेंडू कठीण असतो, डोळा जायला वेळ लागत नाही.

आणि इथेच या दोन छंदांचे नाते लक्षात येते. चेंडू आला मग पाहू, असे म्हणणारा गडी अडवू शकत नाही. फटका बसला मग कळ दाबू, असे म्हणणाऱ्याला चित्र मिळत नाही. दोघांनाही क्षणभर आधी ओळखावे लागते. समोरच्याचा गुडघा कुठे वाकला, खांदा कुठे वळला, नजर कुठे गेली, हे वाचावे लागते. म्हणून जो पोर खेळतो तो चांगले टिपतो, आणि जो टिपतो त्याला खेळ अधिक कळतो. आपलीच चूक चित्रात पाहिली, की गुरुजींनी दहा वेळा सांगायची गरज उरत नाही.

गुरुजनहो, यासाठी फार मोठी योजना नको. शाळेचा सामना असेल त्या दिवशी दोन मुलांना, आणि दोन मुलींनाही, टिपण्याचे काम द्या. चित्रे घेण्याआधी खेळाडूंना व त्यांच्या घरच्यांना विचारायला शिकवा. मग निवडक चित्रे कागदावर काढून वहीत चिकटवा. खाली तारीख, गाव, खेळाडूंची नावे आणि निकाल सुवाच्य अक्षरांत लिहा. हरलेल्यांचीही नावे लिहा. फोनमधले चित्र फोनबरोबर हरवते. वही मात्र शाळेच्या कपाटात पन्नास वर्षे राहते.

ज्यांना पाहणारे आणि टिपणारे भेटले त्यांची नावे इतिहासात राहिली. खेड्यापाड्यांतले कितीतरी चांगले गडी त्यांच्याइतकेच तयारीचे असूनही विस्मृतीत गेले, कारण मैदानाच्या कडेला टिपणारा कोणी नव्हता. तेव्हा तुमच्या घरातला पोर काठी मागू लागला, किंवा "आई, जरा फोन दे, सामना टिपायचा आहे," असे म्हणाला, तर एकदम रागावू नका. अभ्यास झाला का एवढे विचारा, आणि झाला असेल तर त्याला जाऊ द्या. गावाच्या इतिहासाचे एखादे पान तो लिहून आणील.