एक नट, दोन ठाणी : सदाशिव अमरापूरकर

अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात असतो. मूर्ती एकच, ठाणी दोन. या परिसरात त्याचे कुणालाच नवल वाटत नाही. नटाच्या बाबतीत मात्र आपण एकाच ठाण्याचा आग्रह धरतो. सदाशिव अमरापूरकर (१९५०-२०१४) हे नाव उच्चारले की आठवतो तो खलनायक!

अहमदनगरच्या या रंगकर्मीने जयू व नचिकेत पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' (१९७९) या चित्रपटात लोकमान्य टिळक साकारले. पुढे श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' (१९८८) या दूरदर्शन मालिकेत तेच महात्मा फुले झाले. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या वैचारिक संघर्षाची ही दोन टोके. ती एकाच नटाने पेलावीत, ही घटना आपल्या अभिनयाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवली जायला हवी होती. तसे झाले नाही.

कारण दरम्यान 'अर्धसत्य' (१९८३) आला होता. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. त्यातील रामा शेट्टी आवाज चढवत नाही. त्याच्या शांतपणातच सत्तेची खात्री आहे. या भूमिकेला सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पुढे 'सडक'मधील (१९९१) 'महाराणी'साठी खलभूमिकेचे फिल्मफेअर मिळाले. त्या वर्गवारीतील ते पहिलेच. व्यावसायिक हिंदी चित्रपटाने त्यांना भरपूर काम दिले, 'आँखें'सारख्या (१९९३) चित्रपटात विनोदही करू दिला. पण टिळक-फुले पेलणारी वैचारिक बैठक त्याला फारशी लागली नाही.

इथे एक प्रश्न उरतो. नटाची कारकीर्द पारितोषिकांच्या यादीवरून मांडायची, की त्याने पेललेल्या माणसांवरून? पहिल्या पद्धतीत अमरापूरकर 'गाजलेले खलनायक' ठरतात. दुसऱ्या पद्धतीत फुले आणि रामा शेट्टी शेजारी येतात आणि लक्षात येते, की एकच संयत देहबोली एकीकडे नैतिक धैर्य झाली, दुसरीकडे दहशत.

'बॉम्बे टॉकीज'मध्ये (२०१३) दिबाकर बॅनर्जी यांनी त्यांना जुन्या नाट्यगुरूची छोटी भूमिका दिली. पडद्याने त्यांच्यातील रंगकर्मी उशिरा का होईना, ओळखला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी 'सूर्य' वाचून 'अर्धसत्य' पाहावाच. पण त्याच आठवड्यात 'भारत एक खोज'मधील फुलेही पाहावेत. दोन्ही ठाणी पाहिल्याशिवाय हा नट पुरता कळत नाही.